मदत हवी आहे: कार्बन डॉट्स खरंच झालेत की नुसता चकवा?

नमस्कार मंडळी, एमएस्सी केमिस्ट्रीचा प्रोजेक्ट चालू आहे आणि डोकं पार भंजाळलंय. २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल क्वांटम डॉट्सना (काही नॅनोमीटरचे अर्धवाहक कण) मिळालं ना, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना, तेव्हापासून हे करायचं डोक्यात होतं. कॅडमियम सेलेनाइडमध्ये कसं स्वच्छ आहे, २-३ नॅनोमीटरचा कण निळा-हिरवा, ६ च्या आसपास लाल, साइज बदलली की रंग बदलला. पण कॅडमियम विषारी म्हणून सरांनी सरळ नाही सांगितलं (बरोबरच आहे म्हणा).

मग त्याऐवजी कार्बन डॉट्स (कार्बनचे तसेच नॅनोमीटर आकाराचे चमकणारे कण) करायचे ठरवले. सायट्रिक अ‍ॅसिड आणि युरिया पाण्यात घालून मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं, चिकट तपकिरी गोळा झाला, पाण्यात विरघळवून यूव्ही टॉर्च मारला तर मस्त चमकलं, मी तर नाचलोच. आता सर म्हणतात की सायट्रॅझिनिक अ‍ॅसिडसारखे छोटे रेणू पण याच रिअ‍ॅक्शनमध्ये बनतात आणि तेही निळे चमकतात, मग डॉट्स झाले हे कशावरून?

आमच्याकडे यूव्ही-व्हिजिबल (किती प्रकाश शोषला ते मोजणारं) आणि फ्लुओरोमीटर (चमक मोजणारं) एवढंच आहे, टीईएम (कण थेट दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) नाही. १००० डाल्टनच्या पिशवीत डायलिसिस करून (छोटे रेणू बाहेर जातात, मोठे कण आत राहतात) आतलं आणि बाहेरचं पाणी दोन्हीचं एमिशन (बाहेर पडणारा प्रकाश) तपासलं तर चालेल का? किती तास ठेवायचं, पाणी किती वेळा बदलायचं? आणि एक्सायटेशन (टाकलेल्या प्रकाशाची वेव्हलेंग्थ) बदललं की एमिशनही सरकतंय, हा पुरावा धरायचा की हेही मिश्रणामुळेच? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, पुढच्या सोमवारी प्रेझेंटेशन आहे.