मूत्राशयातील खडा व प्रोस्टेट: एकाच भुलीत दुर्बिणीने उपचार करावा का?

माझ्या वडिलांच्या (वय ७२, मुक्काम वेंगुर्ले) मूत्राशयात सोनोग्राफीत सुमारे ३ सेंटिमीटरचा खडा आढळला असून प्रोस्टेट (मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढून अंदाजे ६० ग्रॅमचे झाले आहे. लघवीची धार मध्येच तुटते, कूस बदलली की पुन्हा सुरू होते आणि शेवटी रक्ताचा अंश दिसतो. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कार्याची रक्ततपासणी) ठीक आहे; लघवीच्या कल्चरमध्ये आढळलेल्या जंतुसंसर्गावर औषध चालू आहे. प्रोस्टेटच्या गोळीने धार किंचित सुधारली, खडा मात्र आहे तेवढाच आहे. कुळथाचे कढण व पाषाणभेदाचा काढा घेऊन झाला आहे (कोकणात तो चुकतो कोणाला?), तेव्हा कृपया तो सुचवू नये.

एका सर्जननी ओटीपोटावर छेद घेऊन खडा काढण्याचा सल्ला दिला; दुसऱ्यांच्या मते मूत्रमार्गातून दुर्बीण घालून होल्मियम लेझरने खड्याचा चुरा करता येईल आणि त्याच भुलीत प्रोस्टेटचा अडथळाही दूर करता येईल, कारण तो राहिल्यास खडा पुन्हा होण्याचा संभव असतो. मला हे अधिक पटते. अडचण अशी की हृदयात स्टेंट असल्याने क्लोपिडोग्रेल (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू आहे आणि हृदयरोगतज्ज्ञ ते सध्या बंद करण्यास तयार नाहीत. प्रवास बांबोळी (गोवा) किंवा कोल्हापूरपर्यंतच शक्य आहे.

अशी गोळी चालू असताना दोन्ही शस्त्रक्रिया एकत्र झालेल्या रुग्णांना रक्तस्रावाचा त्रास कितपत झाला, कॅथेटर (लघवीची नळी) किती दिवस ठेवावा लागला, आणि या दोन ठिकाणी होल्मियम लेझरची सोय नेमकी कोठे आहे?