मदत हवी आहे: पद्मिनीसाठी कंडेन्सर अस्सल घ्यावा की दुसऱ्या कंपनीचा?

वडिलांनी १९८९ मध्ये घेतलेली प्रीमियर पद्मिनी आम्ही आजही जिवापाड जपतो. मात्र नुकतेच बदललेले कॉन्टॅक्ट पॉइंट (इग्निशनचा वीजप्रवाह जोडणारे-तोडणारे संपर्क) तीनच आठवड्यांत जळाले आणि कात्रजच्या चढावर इंजिन अडखळू लागले. पॉइंटमधले अंतर फीलर गेजने तपासले असून ते बरोबर आहे, त्यामुळे माझा संशय सोबत बसवलेल्या कंडेन्सरवर (पॉइंटना जोडलेल्या छोट्या कपॅसिटरवर) आहे, कारण तो कमजोर असला की पॉइंट उघडताना त्यांच्यातच ठिणगी पडत राहते.

नाना पेठेत एका दुकानात कित्येक वर्षे पडून असलेला सीलबंद अस्सल कंडेन्सर मिळतो आहे, तर दुसरीकडे नव्या उत्पादनाचा, बराच स्वस्त. माझा ओढा अस्सलकडेच आहे, पण न वापरताही कंडेन्सर निकामी होतो का? प्लगांना वीज वाटून देणाऱ्या रोटर आणि डिस्ट्रिब्युटर कॅपला तडा नाही, ते तसेच ठेवू ना? जाणकारांनी कृपया अनुभव कळवावा.