कुओमोंचा हिशेब

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचे माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमोंनी कोविड उत्तम हाताळला, त्यांची खुर्ची फक्त लैंगिक छळाच्या आरोपांमुळे गेली, हे मला पटत नाही. राजीनाम्याचं तात्कालिक कारण ते होतं, मान्य. पण त्याआधीच, मार्च २०२१ मध्ये, त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचे वाढीव आणीबाणीचे अधिकार काढून घेतले होते, आणि त्यामागे वृद्धाश्रमांचं प्रकरण होतं.

कुओमोंच्या प्रशासनाच्या २५ मार्च २०२० च्या आदेशानुसार केवळ कोविड आहे म्हणून नर्सिंग होमला (तिकडे वृद्धांची शुश्रूषा करणाऱ्या वृद्धाश्रमांना असं म्हणतात) रुग्ण नाकारता येत नव्हता. रुग्णालयं तुडुंब भरली होती, त्यामुळे हा निर्णय घाईतला म्हणून एकवेळ समजून घेता येईल. आकड्यांची लपवाछपवी मात्र अजिबात नाही. आजीला लागण नर्सिंग होममध्ये झाली आणि तिने प्राण रुग्णालयात सोडले, तर तिचा मृत्यू नर्सिंग होमच्या खात्यात धरलाच जात नव्हता! जानेवारी २०२१ मध्ये राज्याच्या ॲटर्नी जनरल (सर्वोच्च कायदा अधिकारी) लेटिशिया जेम्स यांचा अहवाल आल्यावर नर्सिंग होममधल्या रहिवाशांच्या मृत्यूंचा आकडा सुमारे ८,५०० वरून १२,७०० च्या वर गेला. रोजच्या पत्रकार परिषदा मीही आवडीने पाहायचो, धीर वाटायचा. पण कारभार जोखायचा तर आधी ही नोंदवही उघडायला हवी.