मदत हवी आहे: पाणी दिलेल्या ज्वारीतही प्युट्रेसिन वाढलेले दिसते

रब्बीची_विद्यार्थिनी: पाण्याच्या ताणामुळे मालदांडी ३५-१ ज्वारीच्या पानांतील पॉलिअमाइन (पेशीतील धनभारित, नत्रयुक्त लहान संयुगे; प्युट्रेसिन, स्पर्मिडीन व स्पर्मीन ही त्यांतली) कसे बदलतात, हा माझ्या एम.एस्सी. प्रबंधाचा विषय आहे. ताण दिलेल्या कुंड्यांत प्युट्रेसिन वाढले, हे अपेक्षितच होते; परंतु नियमित पाणी दिलेल्या कुंड्यांतही ते जवळजवळ तितकेच आढळते, त्यामुळे तुलनेला आधारच उरत नाही. मुदत जवळ आली आहे, तेव्हा कृपया लवकर सांगा, दोष एचपीएलसी यंत्राचा (अर्कातील संयुगे वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राचा) आहे का?

अर्कशाळा: पाने कशात वाटली आणि आंतरिक मानक (मोजणीतील घट कळावी म्हणून अर्कात ठरावीक मात्रेत घातलेले संयुग) घातले होते का, हे आपण लिहिलेले नाही. मोकळी पॉलिअमाइन मोजली की फिनॉलिक आम्लांशी जोडलेलीही, हे कळल्याशिवाय यंत्राला दोष देणे योग्य नाही.

रब्बीची_विद्यार्थिनी: पर्क्लोरिक आम्लात वाटली आणि फक्त मोकळी मोजली. मानक घातले होते व घातलेल्यापैकी बहुतेक मोजणीत परत मिळाले.

हिरवेपान: माझ्या अनुभवात स्पर्मिडीनची फवारणी केल्यावर ताणातही पाने हिरवी राहतात. आपणही फवारून पाहा.

तृणशास्त्र: प्रश्न फवारणीचा नाही. शिवाय तृणधान्यांच्या पेशीभित्तिकेत पॉलिअमाइन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) भरपूर असते, ते स्पर्मिडीन मोडते आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतो, म्हणून मात्रा न सांगता असा सल्ला देणे मला धोक्याचे वाटते.

भातखाचर: नुसते प्युट्रेसिन वाढले म्हणजे पीक ताण सोसते, असेही समजू नये. धोतऱ्याचे आर्जिनिन डिकार्बॉक्सिलेज (प्युट्रेसिन बनण्याच्या मार्गातील विकर) जनुक घातलेल्या भातावरील २००४ च्या कामात, प्युट्रेसिन पुरेसे वाढून त्यापासून स्पर्मिडीन व स्पर्मीन तयार झाले, तेव्हाच अवर्षणात संरक्षण मिळाले. आपण जनुकांची अभिव्यक्तीही तपासावी.

तृणशास्त्र: तेही नंतर पाहता येईल. कुंड्यांत माती कोणती होती आणि खते कोणती दिली?

रब्बीची_विद्यार्थिनी: धुतलेली नदीची वाळू, युरिया आणि सिंगल सुपर फॉस्फेट. आमच्या काळ्या जमिनीत पालाश (पोटॅशियम) मुबलक असल्याने ज्वारीला वेगळे देत नाहीत, तीच पद्धत ठेवली.

तृणशास्त्र: मग यंत्र निर्दोष असावे. काळ्या जमिनीतले पालाश धुतलेल्या वाळूत कोठून येणार? पालाश कमी पडलेल्या सातूच्या पानांत प्युट्रेसिन साचते, हे रिचर्ड्स आणि कोलमन यांनी १९५२ मध्येच दाखवले होते. पेशीतील धनभाराची उणीव ते काही अंशी भरून काढते, असे मानतात. खालच्या पानांच्या कडा करपल्या होत्या का?

रब्बीची_विद्यार्थिनी: होय, दोन्ही गटांत.

अर्कशाळा: तरीही युरियाला निर्दोष ठरवू नका. त्यापासून अमोनियम बनतो, आणि धुतलेल्या वाळूत त्याचे नायट्रेट होण्यास वेळ लागतो. अमोनियमवर वाढलेल्या पिकातही प्युट्रेसिन वाढते.

तृणशास्त्र: हे मान्य आहे, म्हणून दोन्ही कारणे वेगळी करावी लागतील. पाणी दिलेल्या काही कुंड्यांत पोटॅशियम सल्फेट द्या आणि काहींत युरियाऐवजी कॅल्शियम नायट्रेट वापरा. तोपर्यंत वाळवलेली पाने शिल्लक असतील, तर त्यांतील पालाश फ्लेम फोटोमीटरवर आजच मोजून घ्या, त्यासाठी नवे पीक वाढण्याची वाट पाहावी लागणार नाही.