सप्टेंबरचा जन्म आणि साडेसाती, दोन्हीला नीलमच? घ्यायचा का?

केळीवाला रावेर:
पोराचा जन्म सप्टेंबरचा, रास मेष. सराफ म्हणे सप्टेंबरचा बर्थस्टोन नीलम, ज्योतिषी म्हणे शनी मीनेत आल्यापासून मेषेला साडेसाती लागली, नीलम घाला. दोघं एकाच खड्यावर आले म्हणून बायको म्हणते घेऊनच टाका. मी म्हणतो दोघांचा काही संबंध नाही भो, बर्थस्टोनची आत्ताची यादी १९१२ साली अमेरिकेतल्या जवाहिऱ्यांच्या संघटनेने ठरवली, माल खपायला. बोला.

धुळ्याची वैनी:
यादी अमेरिकेची असेल भाऊ, पण नवरत्नांत नीलम शनीचा हे काय अमेरिकेने सांगितलं का? आमच्याकडे शनिमांडळला शनीच्या देवळात जाऊन येतात आणि खडा तीन दिवस उशीखाली ठेवून बघतात, वाईट स्वप्न पडलं तर परत. सगळ्यांना मानवत नाही नीलम, हे ज्योतिषीच सांगतात ना, मग फसवतात कुठे?

भुसावळ लोकोशेड:
परत नेल्यावर सराफ पूर्ण पैसे देतो का ते पण सांगा वैनी 😀 अहो नीलम आणि माणिक दोन्ही एकच, कुरुंद, म्हणजे अॅल्युमिनियम ऑक्साईड. लोह-टायटॅनियम शिरलं की निळा, क्रोमियम शिरलं की लाल. शनीचा खडा आणि सूर्याचा खडा एकाच घरचे, आणि तुमचे ज्योतिषी म्हणतात दोन्ही एकत्र घालू नका!

धुळ्याची वैनी:
एकाच घरचे असणारच की, शनी सूर्याचाच मुलगा. बापलेकाचं पटत नाही म्हणून तर एकत्र घालत नाहीत. तुमच्या केमिस्ट्रीने आमचंच म्हणणं खरं केलं 🙏

सराफाचा पोऱ्या:
भांडा तुम्ही, पण घेणाऱ्याचं बघा. बाजारातला बहुतेक नीलम भट्टीत तापवून रंग खुलवलेला असतो, त्यात खोटं काही नाही फक्त गिऱ्हाईकाला सांगायला पाहिजे आणि भाव त्या हिशोबाने पाहिजे. शिसं असलेली काच भरलेला मात्र हात लावू नका, नीलम स्वतः हिऱ्याच्या खालोखाल कडक पण ती काच लिंबाच्या रसानेही खराब होते. काश्मिरी म्हणून कोणी स्वस्तात दाखवला तर उठून या, तिकडची पाडरची मुख्य खाण १८८०च्या दशकातच बरीचशी उपसून झाली. आणि कारखान्यातला नीलम शंभर वर्षांपासून बनून राह्यला, नुसत्या डोळ्याने मलाही कळत नाही, लॅबचं सर्टिफिकेट मागा.

भुसावळ लोकोशेड:
कारखान्यातला पण कुरुंदच. मग शनीला चालतो का? वैनी?

धुळ्याची वैनी:
नाही चालत. जमिनीतलाच पाहिजे.

भुसावळ लोकोशेड:
शनीकडे लॅब आहे वाटतं.

केळीवाला रावेर:
सर्टिफिकेट मागितलं तर सराफ म्हणे त्याचे वेगळे पैसे पडतील. तूर्त घरच्यांना शनिमांडळला नेऊन तेल वाहून आणतो, खड्याचं केळीचा भाव बघून.