कृषिविज्ञान संवादाची इंटर्नशिप: अॅडव्होकसीवाली घेऊ का? (इंदूर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी इंदूरची. कृषी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय विस्तार शिक्षण. पीएचडी करायची नाही, बँकेच्या कृषी अधिकारी परीक्षांचा रट्टा मारायचाही उत्साह नाही. शेतीतलं विज्ञान लोकांपर्यंत पोचवायचं काम करायचंय. लेख, व्हिडिओ, रेडिओ, जे जमेल ते. आई शेजारीपाजारी "पोरगी शेतीची पत्रकार होणार" म्हणून सांगते, तेही फारसं चूक नाही म्हणा.

सध्या एक इंटर्नशिप जवळपास हातात आहे. सहा महिने, घरबसल्या, स्टायपेंड बरा. संस्था जैवतंत्रज्ञानाच्या बाजूने अॅडव्होकसी करते. सोशल मीडियाच्या पोस्ट, पेपरात लेख, कॉलेजांतून चर्चा, लोकप्रतिनिधींना निवेदनं, असं काम. निवडीसाठी 800 शब्दांचा लेख आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ मागितलाय.

विषयाला माझा विरोध नाही, हे आधीच सांगते. बीटी वांगं (किडीला तोंड देईल असा जनुकीय बदल केलेलं) 2010 पासून स्थगितीत अडकलंय. जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या, मोहरीला 2022 मध्ये हिरवा कंदील मिळाला आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं एकमत झालं नाही. 2025 च्या मे महिन्यात जीन एडिटिंगचे (पिकाच्याच जनुकांत नेमके बारीक बदल करून केलेले) दोन भाताचे वाण जाहीर झाले, तरी माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना जीएम आणि जीन एडिटिंग यातला फरक सांगता येत नाही. यावर बोलणारं कुणीतरी हवंच.

पण 2021 च्या ऑगस्टमध्ये 12 लाख टन जीएम सोयापेंड आयात करायला परवानगी मिळाली, तेव्हा आमचे मामा (देवासकडे सोयाबीन करतात) सोयाबीनच्या बाजारभावावरून किती तापले होते ते मला आठवतंय. इथे जीएम सोयाबीन पेरायला बंदी आणि पेंड मात्र बाहेरून चालते, हा त्यांचा प्रश्न. असं काही मी लेखात लिहिलं तर संस्थेला चालेल का? मुलाखतीत विचारलं. "आपला फोकस विज्ञानावर आहे" एवढंच उत्तर आलं. तेव्हापासून मन थोडं खट्टू आहे.

व्हिडिओसाठी मी सोयाबीनवरची चक्रभृंग ही कीड घेतलीय. मादी देठावर किंवा खोडावर दोन गोल खाचा पाडते, मधे अंडं घालते आणि खाचेच्या वरचा भाग वाळतो. हे मोबाइलवर सुंदर दिसतं, नखाने खाच दाखवली की माणूस लगेच ओळखतो. अडतंय पुढे. शिफारशीत थायाक्लोप्रिड 21.7 एससी (कीटकनाशक) हेक्टरी 750 मिली असं असतं. मामांचा प्रश्न: "हेक्टर सोड, पंपाला किती टाकू?" काय सांगू?

तर इंटर्नशिप घ्यावी का, घेतली तर उद्या वर्तमानपत्र किंवा सरकारी विस्तार सेवेत "ही त्यांची माणूस" असा शिक्का बसेल का, आणि इंदूरच्या आसपास दुसरं काही आहे का? पुण्याला जाणं या वर्षी शक्य नाही.

काळी_माती (विस्तार खात्यातून निवृत्त)

अगं पोरी, आधी मामांचं उत्तर, कारण त्यात कुणाचं पीक जळू शकतं. पंपाला किती, हे व्हिडिओत सांगूच नकोस. हातपंपाने हेक्टरी साधारण 500 लिटर पाणी लागतं, पॉवर स्प्रेअरने 125. औषध दोन्हीकडे तेच 750 मिली. म्हणजे 15 लिटरच्या हातपंपात साडेबावीस मिली आणि पॉवर स्प्रेअरच्या तेवढ्याच टाकीत 90. चौपट फरक! म्हणून आधी विचारायचं, पंप कोणता, एका बिघ्याला टाक्या किती लागतात, आणि तुमचा बिघा केवढा. आपल्या माळव्यात बिघाही गावागणिक बदलतो. ही विचारपूसच व्हिडिओत दाखव, दोन मिनिटं त्यातच भरतील.

आकाशवाणीवर नंदाजी-भेराजी हेच करायचे. एकाने मालवीत शंका काढायची, दुसऱ्याने निस्तरायची. तज्ज्ञाचं भाषण कुणी ऐकत नव्हतं, त्या दोघांसाठी मात्र चौपालावर रेडिओ लागायचा.

लेखाला विषय हवा असेल तर इंदूरचं कंपोस्ट घे. अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज कृषिशास्त्रज्ञाने 1924 मध्ये इथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री सुरू केली आणि कचऱ्यापासून खत करायची 'इंदूर पद्धत' इथून जगभर गेली. त्यावरचं 1931 चं पुस्तक त्याने यशवंत वाड यांच्यासोबत लिहिलं, हे आपल्या मराठी मंडळींनाही ठाऊक नसतं. आज हॉवर्डला सेंद्रियवाले गुरू मानतात, पण त्याचं काम प्रयोगाचं: ढीग किती उंच, कधी उलटायचा, आत ऊब किती. यावर तू लिहिलंस आणि जैवतंत्रज्ञानवाल्या संस्थेने तेही आनंदाने घेतलं, तर ती माणसं कामाची आहेत असं समज.

डेस्कवरून

पेपरात आहे म्हणून सांगतो, शिक्का बसतो. पण तो संस्थेच्या नावाने बसत नाही, लपवल्याने बसतो. लेखाखाली "लेखिका अमुक संस्थेत इंटर्न आहे" असं छापलं की संपादक निम्मा निवांत होतो. सही करण्याआधी चार गोष्टी लेखी माग. लेखावर नाव तुझं की संस्थेचं, मजकुरावर शेवटचा हात कुणाचा, संस्थेला पैसे कुठून येतात, आणि न पटलेल्या निवेदनावर सही करायला नकार देता येईल का. तोंडी "हो हो" धरू नकोस. सोयापेंडीचा परिच्छेद नमुना लेखातच घाल. काढायला लावला, तर सहा महिन्यांत काय होईल ते आताच कळेल.

आणि हो, वर्तमानपत्रात इंटर्नला स्टायपेंड मिळेलच असं नाही, त्या आशेवर हातातलं सोडू नकोस.

बागलीकर

देवास जिल्ह्यात बागलीला समाज प्रगती सहयोग आहे, 1990 पासून. त्यांचं कम्युनिटी मीडियाचं काम आहे, फिल्म तयार करून गावोगाव पडदा लावून दाखवतात. इंटर्न घेतात का ते लिहून विचार, सोबत चक्रभृंगाचा व्हिडिओ जोड. इंदूरच्या कस्तुरबाग्राममधल्या कृषी विज्ञान केंद्रातही एकदा चक्कर मार, शेतकरी प्रशिक्षणात व्हिडिओ दाखवू देतील तर लोकांचे प्रश्न लगेच कळतील.

मूळ प्रश्नकर्ती

काका, चौपट फरक वाचून पोटात गोळाच आला, मी साडेबावीस सांगायला निघाले होते! मामांकडे पॉवर स्प्रेअरच आहे. डेस्कवरून दादा, चारही प्रश्न आजच मेल करते. पेंडीचा परिच्छेद लेखात ठेवतेय. फक्त एक सांगा, मालवीत व्हिडिओ केला तर खाली पट्टी हिंदीत द्यावी की नको? निवड समितीत माळव्यातलं कुणी नाही.

काळी_माती

हिंदी पट्टी दे. आणि आकडे पडद्यावर मोठे ठेव, गावात मोबाइल उन्हात बघतात.