स्टेडियम रिकामं फुटबॉलचं, कुऱ्हाड पोहणाऱ्यांवर?

आयोवाकर (धागाकर्ता)

कोविडने अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचं कंबरडं मोडलं, असं परवा आमच्या ग्रुपवर पुन्हा कुणीतरी टाकलं. मला हे अजिबात पटत नाही. कोविड हे बऱ्याच ठिकाणी आयतं सापडलेलं निमित्त होतं.

11 मार्च 2020 ला एनसीएए, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेज खेळांची संघटना, म्हणत होती, मार्च मॅडनेस प्रेक्षकांविना खेळवू. दुसऱ्या दिवशी बास्केटबॉलची ती अख्खी स्पर्धाच रद्द झाली. म्हणजे खुर्च्या रिकाम्या राहिल्या असत्या तरी त्यांचं चाललं असतं, कारण खरा पैसा सीबीएस आणि टर्नर या टीव्ही कंपन्यांकडून येत होता. डिव्हिजन वनच्या, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, कॉलेजांना 60 कोटी डॉलर वाटायचे होते, त्याचे साडेबावीस कोटी झाले. हा मार टीव्हीचा, तिकीटखिडकीचा नव्हे.

आता आमच्या आयोवा विद्यापीठाचं बघा. 11 ऑगस्टला बिग टेनने, म्हणजे आयोवा ज्यात खेळतं त्या विद्यापीठांच्या गटाने, (अमेरिकन) फुटबॉलचा मोसम पुढे ढकलला. दहाच दिवसांत आयोवाने पुरुषांचं जिम्नॅस्टिक्स, पुरुषांचं टेनिस आणि मुलामुलींचं दोन्ही पोहणं बंद करत असल्याचं जाहीर केलं. तूट साडेसात कोटींपर्यंत जाईल म्हणाले. हे चार खेळ बंद करून वर्षाला वाचणार किती? पन्नास लाखांच्या आसपास! पुढे सप्टेंबरात बिग टेनने घूमजाव केलं, ऑक्टोबरअखेर फुटबॉल सुरूही झालं. बंद केलेले खेळ मात्र बंदच. मुलींचं पोहणं तेवढं वाचलं, तेही टायटल नाइनखाली (शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला मनाई करणारा कायदा) मुली कोर्टात गेल्या म्हणून. 1930 च्या दशकात बटरफ्लाय स्ट्रोकला जिथे आकार आला, त्याच विद्यापीठाची ही कथा. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

कोलंबसकरीण

साफ असहमत. टीव्हीचा पैसा मोठा, हे मान्य. पण 'खुर्च्या रिकाम्या राहिल्या तरी चालतं' हे आमच्या ओहायो स्टेट विद्यापीठाला लागू होत नाही, तेही बिग टेनमधलंच. फुटबॉलच्या एका घरच्या सामन्याला पन्नास लाख डॉलरच्या वर नुसती तिकिटांची कमाई. 2020 च्या मोसमात बिग टेनने तिकीटविक्रीच ठेवली नव्हती, खेळाडूंचे घरचे तेवढे आत. लाखभर माणसांच्या त्या स्टेडियममध्ये कोचच्या शिट्ट्या टीव्हीवर ऐकू यायच्या. त्या आर्थिक वर्षात खेळ विभागाचं उत्पन्न 23 कोटींच्या वरून 11 कोटींच्या खाली आलं आणि तूट सहा कोटींपलीकडे गेली. हे निमित्त का?

शिवाय तिकीट म्हणजे फक्त तिकीट नसतं. चांगल्या जागेचं सीझन तिकीट घ्यायचा नुसता हक्क मिळवायला आधी देणगी मोजावी लागते. पार्किंग वेगळं, खाणंपिणं वेगळं. आमच्या गल्लीतले एक आजोबा सामन्याच्या शनिवारी पुठ्ठ्यावर मार्करने भाव लिहून हिरवळीत गाड्या लावून घेतात. कोपऱ्यावरची गाडी आडवी कशी काढायची हे गाडीवाल्याला तेच सांगणार, स्टिअरिंगही जमल्यास तेच फिरवणार. एका मोसमात त्यांचा वर्षाचा प्रॉपर्टी टॅक्स बऱ्यापैकी निघतो. त्या वर्षी हिरवळ मोकळी होती. त्यांना टीव्ही करारातून दमडी मिळाली नाही.

हिशेबनीस

दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर, पण दोघेही श्रीमंतांच्या घरातलं भांडण भांडताय. लहान कॉलेजांचं काय? त्यांचे फुटबॉल संघ मोठ्या संघांच्या मैदानावर जाऊन मार खातात आणि त्याबद्दल दहा-बारा लाख डॉलरचा चेक घेऊन घरी येतात. अनेकांचं बजेट त्या चेकवर उभं असतं. जुलै 2020 मध्ये बिग टेनने 'आपापसातच खेळणार' असं ठरवलं आणि हे सामने एका फटक्यात गेले. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन विद्यापीठाने तर मे महिन्यातच बेसबॉल बंद केलं होतं. माजी खेळाडूंनी पैसे उभे केले तेव्हा कुठे ते परत आलं.

एसईसी या दक्षिणेकडच्या बड्या विद्यापीठांच्या गटाची गोष्ट निराळी. त्यांनी पुढच्या टीव्ही उत्पन्नावर उचल घेऊन प्रत्येक सदस्य विद्यापीठाला 2 कोटी 30 लाख डॉलर वाटले. ज्याची पत त्यालाच कर्ज.

नाशिकची आत्या

मला खेळातलं काही कळत नाही, पण एक विचारते. माझा भाचा तिकडे एका लहानशा विद्यापीठात एमएस करतो. त्याच्या फीच्या पावतीत 'अ‍ॅथलेटिक्स फी' अशी वेगळी ओळ आहे. 2020 च्या सेमिस्टरला तो खोलीत बसून लॅपटॉपवर शिकला, स्टेडियम कुठल्या दिशेला आहे हेही त्याला माहीत नव्हतं, तरी ती ओळ पावतीवर होतीच. इकडे आम्ही कर्ज काढून डॉलर पाठवायचे ते कुणाच्या फुटबॉलसाठी?

हिशेबनीस

@आत्या, तुमचा प्रश्न सगळ्यात नेमका आहे. छोट्या विद्यापीठांत खेळ विभागाच्या उत्पन्नाचा मोठा हिस्सा विद्यार्थ्यांची फी आणि विद्यापीठाचं अनुदान यांतून येतो. गेटवर कुणी आलं काय, न आलं काय. म्हणूनच स्टेडियमं रिकामी असूनही त्यांचे खेळ विभाग टिकले.

आयोवाकर

कोलंबसकरीण ताई, तुमच्याच ओहायो स्टेटचं उत्पन्न पुढच्याच वर्षी 25 कोटींवर गेलं. एका वर्षाचा खड्डा कर्जाने बुजतो. त्यासाठी कायमचा खेळ बंद करायची काय गरज? स्टॅनफर्डने जुलै 2020 मध्ये 36 पैकी 11 खेळ बंद करायचं ठरवलं, परवडत नाहीत म्हणाले. माजी खेळाडूंनी रान उठवल्यावर मे 2021 मध्ये तेच खेळ परवडायला लागले!

आणि पैसा नव्हताच म्हणता, तर एसईसीतल्याच ऑबर्न विद्यापीठाने डिसेंबर 2020 मध्ये फुटबॉल कोच गस मॅलझान यांना काढताना दोन कोटी चौदा लाखांच्या वर भरपाई कबूल केली ती कशी? त्यात आयोवाचे ते चार खेळ चार वर्षं चालले असते.

कोलंबसकरीण

कारण ते पैसे एका खिशात नसतात, आयोवाकर. कोचला घालवायला देणगीदार उड्या मारत पुढे येतात, डायव्हिंग बोर्डसाठी येत नाहीत. हे मलाही आवडत नाही, पण विभागप्रमुख काय करणार? लोक ज्यासाठी पैसे टाकतात तेच त्याला चालवावं लागतं. तुम्ही स्वतः किती स्विमिंग मीटना गेलात?

गेन्सव्हिलवाला

जरा अवांतर. ऑक्टोबर 2020 मध्ये आमच्या फ्लोरिडा विद्यापीठाचे तेव्हाचे फुटबॉल कोच डॅन मलेन टेक्सास ए अँड एम विद्यापीठाकडून हरले आणि म्हणाले, पुढच्या शनिवारी आमचं 90 हजारांचं स्टेडियम भरू द्या. त्याच आठवड्यात संघात कोविड पसरला, एलएसयूशी (लुइझियाना स्टेट) असलेला सामना लांबला, स्वतः मलेन पॉझिटिव्ह. गर्दीची भूक ही अशी असते. पैशाआधी घरच्या मैदानाचा फायदा दिसतो.

तसंही प्रेक्षक कोविडच्या कितीतरी आधीपासून घटत होते. घरी मोठा टीव्ही, स्वच्छ बाथरूम आणि स्टेडियममधल्यापेक्षा स्वस्त बिअर. कोविडने उरलेल्यांना तीच सवय लावली.

आयोवाकर

गेलो होतो, चार-पाच मीटना. तिकीट फुकट होतं, हा माझा दोष नाही.

गेन्सव्हिलवाल्यांशी सहमत, आणि माझा मुद्दा तोच. पुढचं सगळं टीव्हीनेच ठरवलं. लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठाला 2021 च्या आर्थिक वर्षात सव्वासहा कोटींची तूट आली आणि जून 2022 मध्ये त्यांनी जवळपास शंभर वर्षांच्या, पश्चिम किनाऱ्यावरच्या शेजाऱ्यांना सोडून बिग टेनचं दार ठोठावलं. लॉस एंजेलिसच्या मुली आता व्हॉलीबॉलची मॅच खेळायला न्यू जर्सीला जातात.

हिशेबनीस

आता त्यात 2025 च्या हाउस समझोत्याची (खेळाडूंनी एनसीएएवर भरलेल्या दाव्यातली तडजोड) भर. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाने खेळाडूंना थेट द्यायची मर्यादाच 2 कोटी 5 लाख डॉलर. आयोवाकर, बंद करायच्या खेळांच्या यादीत पोहणारे पुन्हा वर येणार बघा. या वेळी साथीचं नावही लागणार नाही.

कोलंबसकरीण

म्हणूनच तर म्हणते, गेटचा म्हणजे तिकिटांचा पैसा लागतो. टेनेसी विद्यापीठाने खेळाडूंना द्यायच्या पैशांसाठी 2025 च्या फुटबॉल तिकिटांवर 10 टक्के 'टॅलंट फी' लावली. लोक कुरकुरत का होईना, भरतायत.

नाशिकची आत्या

तिकीट घेणाऱ्याला 'नको' म्हणता येतं हो. भाच्याच्या पावतीवर तशी सोय नाही.